रेस पिस्तूल म्हणजे नेमकं काय वो? साध्या पिस्तुलापेक्षा त्यात वेगळं काय असतंय?

उद्यमबागचा_टर्नर

नमस्कार मंडळी, विषय जरा आडवळणाचा हाय पण इथं आर्मीतले, क्लबातले, परदेशातले सगळे हाईत म्हणून टाकतोय. मी बेळगावात उद्यमबागला सीएनसीवर असतोय, हायड्रॉलिकचे पार्ट काढतो. बंदुकीशी माझा संबंध म्हणजे निपाणीच्या काकांचं रिव्हॉल्व्हर, तेवढाच. काकांचा तंबाखूचा धंदा, पूर्वी रोकड घेऊन खेडोपाडी फिरायला लागायचं म्हणून लायसन काढलेलं, कानपूरचं .32, सहा गोळ्यांचं. दसऱ्याला पूजेला बाहेर येतंय आणि इलेक्शन लागलं की पोलीस स्टेशनात जमा व्हायला जातंय, ह्याउपर त्यानं काय काम केलेलं मी बघितलं न्हाई.

आता माझा भाचा, वय वर्षं सोळा, रोज रात्री मोबाईलवर ते नेमबाजीच्या स्पर्धेचे व्हिडिओ बघत बसतोय. बीप वाजला की माणूस कमरेचं पिस्तूल काढतोय आणि पळत पळत धाडधाड मारत सुटतोय, पत्र्याच्या प्लेटी पडालेत, पुठ्ठ्याला भोकं पडालीत, आणि पिस्तूल बघितलं तर ते पिस्तूल वाटतच न्हाई. निळं-जांभळं रंगवलेलं, नळीच्या तोंडाला भोकं पाडलेला ठोकळा, वर काच, खालनं मॅगझिन वीतभर बाहेर आलेलं. त्याला रेस पिस्तूल नाहीतर रेस गन म्हणत्यात म्हणे. परवा घरी आला आणि मला म्हणतोय, मामा तू एवढा मशीनवर असतोस, काकाआजोबांच्या रिव्हॉल्व्हरला तसला ठोकळा आणि काच बसवून दे की. मी म्हटलं गप बस, पण मशीनवाल्याचं डोकं, रात्रभर तेच फिरालंय. तो ठोकळा करतोय काय? आणि ते एवढं भारी असेल तर पोलीस आणि मिलिट्रीवाले तेच का वापरत न्हाईत?

जाणकारांनी जरा इस्कटून सांगा. कुणाला हे ठोकळा बसवण्याचं काम करायचंय म्हणून विचारत न्हाई, आधीच सांगतो.

खानापूरकर_73

पहिलं काम, भाच्याच्या डोक्यातनं ते खूळ काढा. लायसनवर हत्याराचा नंबर, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, सगळं चढलेलं असतंय. त्यात लेथवर नेऊन फेरफार करायचा म्हणजे तुमच्याकडं त्या कामाचं लायसन पायजे, नसेल तर आर्म्स ॲक्टाखाली तुम्ही पण आत, काका पण आत. आमच्याकडं एकानं नुसती जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी गावातल्या माणसाकडनं कापून घेतली होती, कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवता त्याची दीड एकर जमीन गेली. बाकी टेक्निकल मला काय कळत न्हाई, वाचायला बसलोय.

शहापूरचा_पोरगा_ब्रनोत

मी मूळचा शहापूरचा, गेली सहा वर्षं चेकमध्ये ब्रनोला आहे. ऑफिसातल्या एका चेक मित्राबरोबर त्यांच्या क्लबला जात जात हा नाद लागला. मी काही चॅम्पियन नाही, आमच्या क्लबात खालून पहिला येतो, पण पिस्तुलं हाताळलीत म्हणून लिहितो. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

आधी पिस्तूल बाजूला ठेवा आणि खेळ बघा, कारण ते पिस्तूल असं वेडंवाकडं दिसतंय ते खेळाच्या मार्कांमुळं. ह्या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात आणि त्याची मोठी संघटना आयपीएससी, 1976 ला अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबिया गावात सुरू झाली, जेफ कूपर तिचा पहिला अध्यक्ष. त्यात नुसती नेमबाजी नाही, मार्क भागिले सेकंद असा हिशोब आहे, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. समजा मी 60 मार्क 6 सेकंदात काढले तर माझा फॅक्टर 10. दुसऱ्यानं चार मार्क घालवले, 56 च काढले, पण 5 सेकंदात संपवलं, त्याचा झाला 11.2. म्हणजे माझ्यापेक्षा वाईट नेम मारून तो पुढं गेला. आता हे कळलं की त्या पिस्तुलावरचा प्रत्येक पार्ट का आहे ते आपोआप कळतं. प्रत्येक पार्ट कुठंतरी सेकंदाचा दहावा-विसावा हिस्सा वाचवायला बसवलाय.

ह्या खेळात पण सगळ्यांना सगळं चालत नाही, गट आहेत. प्रॉडक्शन नावाचा गट आहे त्यात कंपनीनं विकलं तसं पिस्तूल, वर काच नाही, ठोकळा नाही, मॅगझिनमध्ये 15 च गोळ्या, ट्रिगर पण मुद्दाम जड ठेवायचा, म्हणजे तो ओढायला जोर जास्त लागला पाहिजे. स्टँडर्ड गटात तर पिस्तूल मॅगझिनसकट 225 गुणिले 150 गुणिले 45 मिलीमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे, मॅचच्या आधी खोकं घेऊन माणूस बसलेला असतो. आणि ओपन गट म्हणजे जवळजवळ मोकळं रान. तुमचा भाचा बघतोय ते ओपनवालं. रेस गन हे नाव रेसच्या गाडीवरनंच आलंय.

आता वरनं खाली येऊ. ती काच म्हणजे रेड डॉट. साध्या पिस्तुलाला मागं खाच आणि पुढं काडी असते, डोळ्यानं मागची खाच, पुढची काडी आणि लांबचं टार्गेट तिन्ही एका रेषेत आणायचं, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो, म्हणून काडी स्पष्ट बघितली की टार्गेट धूसर. डॉटमध्ये फक्त टार्गेटकडं बघायचं, लाल ठिपका त्याच्यावर तरंगतो, तो जिथं तिथं गोळी. चाळिशी लागलेल्यांना तर वरदान आहे. 1990 ला ॲडलेडच्या वर्ल्ड शूटमध्ये, म्हणजे ह्या खेळाच्या जागतिक स्पर्धेत, डग कोनिग नावाचा नेमबाज असा डॉट लावून जिंकला, त्याआधी लोक हसत होते की एवढं मोठं धूड पिस्तुलावर कोण लावतंय. आणि ओपन पिस्तुलात हा डॉट वर सरकणाऱ्या स्लाइडवर नसतो, खाली फ्रेमला ब्रॅकेट लावून त्यावर बसवतात, म्हणजे स्लाइड मागंपुढं धावली तरी काच जागेवर. स्लाइडवर असली की दर गोळीला डोळ्यासमोरून पळते आणि परत येते, ठिपका शोधत बसायला लागतं.

आता ठोकळा, म्हणजे कंपेन्सेटर, सगळे कॉम्प म्हणतात. गोळी सुटली की तिच्या मागं जळलेल्या दारूचा गॅस असतो, तो साध्या पिस्तुलात सरळ पुढं निघून जातो. कॉम्पमध्ये गोळी मधल्या भोकातनं पुढं जाते आणि गॅस वरच्या खाचांतनं आभाळाकडं सुटतो, त्याच्या धक्क्यानं नळीचं तोंड खाली दाबलं जातं. गोळी मारली की पिस्तूल वर उचलायला बघतंय, त्याच क्षणी गॅस त्याला खाली दाबतोय, ठिपका जागच्या जागी हलून परत येतो. दोन गोळ्यांच्या मधला वेळ 0.15 सेकंदावर येतो म्हणजे कानाला दोन धाड एकमेकींना चिकटूनच ऐकू येतात.

इथं एक गंमत आहे, मला कळायलाच वर्ष गेलं. नियमानं गोळीची ताकद मोजतात, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट-सेकंदात भागिले हजार. त्याला पॉवर फॅक्टर म्हणायचं. ओपनमध्ये 160 च्या वर असेल तर मेजर, 125 च्या वर असेल तर मायनर. मध्यभागी लागली तर दोघांनाही 5 मार्क, पण बाजूच्या पट्ट्यात लागली की मेजरला 4 आणि मायनरला 3, अजून बाहेर गेली तर 2 आणि 1. म्हणून सगळ्यांना मेजर पाहिजे. साधी 9 एमएमची 124 ग्रेनची गोळी 1030 च्या वेगानं गेली तर होतात 127, मायनर. तीच 1300 नं पाठवली की 161, मेजर. आता तुम्ही म्हणाल जोरात मारली म्हणजे धक्का पण जोरात. बरोबर. पण जोरात मारायला दारू जास्त लागते, दारू जास्त म्हणजे गॅस जास्त, गॅस जास्त म्हणजे कॉम्प जास्त जोरात खाली दाबतो. म्हणजे कडक गोळीनंच पिस्तूल शांत बसतं! साधी नरम गोळी कॉम्पच्या पिस्तुलात घातली तर कॉम्पला काही कामच उरत नाही, नुसतं पुढं वजन. काकांच्या .32 ला ठोकळा लावून काही उपयोग नाही ते ह्यामुळं पण आहे, त्या गोळीत तेवढा गॅसच नाही, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये तर सिलिंडर आणि नळीच्या फटीतनं बाजूला पण निसटतो.

म्हणूनच 1980 च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनोस वगैरे अमेरिकन नेमबाजांनी .38 सुपर नावाची गोळी धरली. गोळी तशी 1929 ची जुनी, पण पुंगळी 9 एमएमपेक्षा लांब, दारूला जागा जास्त. त्याच्या आधी सगळे .45 मारायचे.

बाकी भराभरा सांगतो. ट्रिगर 900 ग्रॅमच्या आसपास किंवा खाली, साध्या ग्लॉक पिस्तुलाला अडीच किलोच्या जवळपास जोर लागतो. मॅगझिन 170 मिलीमीटर लांब चालतं, त्यात अठ्ठावीस-तीस गोळ्या मावतात म्हणजे मधे बदलायला थांबायला नको. मुठीच्या खाली नरसाळ्यासारखं तोंड असतं, मॅगझिन कसंही आपटलं तरी आत जातं. स्लाइडला खिडक्या पाडून हलकी करतात. आणि होल्स्टर तर बघाच एकदा, चामड्याचं म्यान नसतं, नुसता एक चिमटा ट्रिगरच्या कडीला धरून ठेवतो, बाकी पिस्तूल उघडंच लोंबतं.

किंमत? अमेरिकेत चांगलं ओपन पिस्तूल चार-पाच हजार डॉलरच्या पुढं जातं. माझ्याकडं नाही. मी इथल्याच उहेरस्की ब्रोद गावच्या सीझेड कंपनीचं शॅडो 2 मारतो, प्रॉडक्शनमधलं. तेही एक किलो तीनशे तीस ग्रॅम, अख्खं स्टील, मुद्दाम जड, रस्त्यावर कमरेला लावून फिरायला कुणी घेणार नाही.

चिकोडीचा_अण्णा

ब्रनोवाल्या तम्मा, लई झकास लिवलंस. मला एका वाक्यात कळलं. आमच्याकडं शर्यतीची बैलगाडी आणि उसाची बैलगाडी. शर्यतीच्या गाडीत वजन न्हाई, बसायला जागा न्हाई, हाकणारा कसाबसा लोंबकळतोय, बैलाचा खुराक वेगळा, दूध काय, अंडी काय, आणि वर्षातनं चार दिवस पळायचं. ती गाडी फॅक्टरीला ऊस घालायला जुंपली तर पयल्या वड्यात मोडून पडंल. आणि उसाची गाडी शर्यतीला नेली तर लोक हसत्याल. दोन्ही गाड्याच की.

हवालदार_निवृत्त_मराठा

जय शिवराय. मराठा लाइट इन्फंट्रीत 22 वर्षं काढली, भरती पण इथंच बेळगावच्या सेंटरात, कंग्राळी माझं गाव. पिस्तूल माझं मेन हत्यार कधी नव्हतं, पण काही काळ माझ्याकडं कोतचा, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीचा चार्ज होता, त्यामुळं हाताखालनं लई गेलीत.

तुमचा दुसरा प्रश्न, की मिलिट्रीवाले तसलं का वापरत न्हाईत, त्याचं सांगतो. आमच्याकडं 9 एमएम 1ए होतं, इशापूरच्या फॅक्टरीचं, मूळ ब्राउनिंगच्या हाय पॉवरचीच बनावट, 13 गोळ्या. ते पिस्तूल हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं, नवीन पोरं म्हणायची साहेब हे ढिलं झालंय, बदलून द्या. मी म्हणायचो ढिलं न्हाई, शहाणं हाय ते. ईशान्येला पावसात महिना-महिना रात्रंदिवस अंगावर, चिखलात पालथं पडायचं, वरनं कोरडं झालं की मातीचा पापुद्रा, आणि गरज पडेल तो दिवस कुठला ते कुणाला माहीत न्हाई. कदाचित पडणारच न्हाई. पण पडली तर चालायलाच पायजे. ते फटीत चिखल घेऊन पण चालतंय.

आणि ट्रिगरचं म्हणाल तर जड असतंय ते मुद्दाम. रेंजवर बीपची वाट बघणारा माणूस आणि अंधारात धाप लागलेला, हात थरथरणारा माणूस, बोटात फरक हाय. 900 ग्रॅमचा ट्रिगर त्याच्या हातात दिला तर पयली गोळी स्वतःच्या पायात, नाहीतर पुढच्या जोडीदाराच्या पाठीत. होल्स्टरला आमच्या झाकण, बटण, वर डोरी, खांद्याला अडकवलेली. पळताना, पडताना, कुणी हिसकावताना ते जायला नको. त्या चिमट्यातनं आमच्या एखाद्या पोरानं ओढ्यात उडी मारली असती तर पिस्तूल सरळ गोव्याला पोचलं असतं.

बॅटरीचं पण हाय की. काचेतला लाल ठिपका बॅटरीवर. बॅटरी संपली तर काय?

शहापूरचा_पोरगा_ब्रनोत

काका नमस्कार. बॅटरीचं बरोबर, मॅचला सगळे खिशात जादा सेल घेऊन असतात, आणि माझ्यासमोर एकाचा ऐन स्टेजच्या मधे ठिपका गेला, त्यानं उरलेल्या सगळ्या गोळ्या अंदाजानं मारल्या आणि नंतर अर्धा तास चेक भाषेत शिव्या. पण एक सांगू का, आता बऱ्याच देशांच्या पोलिसांनी आणि फौजांनी साध्या पिस्तुलावर पण डॉट घ्यायला सुरुवात केलीय, स्लाइडवर बसणारे छोटे, ज्यांची बॅटरी वर्ष-वर्ष टिकते. शर्यतीत आधी आलं, मग रस्त्यावर आलं. पण कॉम्प, तीस गोळ्यांचं लांब मॅगझिन आणि तो चिमटा, हे मात्र शर्यतीतच राहिलं.

उद्यमबागचा_टर्नर

हवालदार काका, तुमचं ते ढिलं न्हाई शहाणं हाय, ह्यावर मला रात्री बाराला बायकोला उठवून सांगावंसं वाटालतं. आमच्या धंद्यात हेच हाय वो. हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हमध्ये स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि बॉडीच्या मधे गॅप ठेवतो ती मायक्रॉनमध्ये, केसापेक्षा कितीतरी कमी. जेवढी गॅप कमी तेवढं तेल कमी गळतंय, कंट्रोल एकदम गोड. पण तेलात जरा कचरा आला की स्पूल जाम. म्हणून ज्या मशीनला असला व्हॉल्व्ह त्याला फिल्टर भारी, तेल भारी, रूम एसी. आणि ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हला आम्ही गॅप जास्त ठेवतो, गळंना का थोडं, शेतात धुळीत चालायला पायजे. कस्टमरला सांगून सांगून तोंड दुखतंय की गॅप कमी म्हणजे माल चांगला असं नसतंय, कुठं लावणार ते सांग.

मग रेस पिस्तुलात स्लाइड आणि फ्रेम हातानं घासून बसवत असतील न्हवं? आणि ते मग किती गोळ्यांनी साफ करायला लागतंय?

शहापूरचा_पोरगा_ब्रनोत

हो, चांगले गनस्मिथ हातानं लॅप करून बसवतात, एक पिस्तूल करायला कित्येक महिने वेटिंग. ही बहुतेक 2011 नावाच्या घराण्यातली असतात, म्हणजे मूळ जॉन ब्राउनिंगनं काढलेलं 1911 नावाच्या पिस्तुलाचं डिझाईन, पण मुठीत एका ओळीऐवजी गोळ्यांच्या दोन ओळी मावतील अशी जाड फ्रेम, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. 1911 चाच पाया घ्यायचं कारण ट्रिगर. तो कब्जावर फिरत नाही, सरळ मागं सरकतो, त्यामुळं हलका आणि आखूड करता येतो.

साफसफाईचं म्हणाल तर ओपनवाले दर मॅचनंतर उघडतात. तेल पण वेगळं, थंडीत वेगळं. कॉम्पमध्ये काजळीचा थर बसतो, तो खरवडायला लागतो. आणि प्रत्येकाची गोळी वेगळी, स्वतः घरी भरतात, ह्या पिस्तुलाला हे वजन, ही दारू, एवढी लांबी. दुसऱ्याची गोळी घातली की अडकलीच. आमच्या क्लबात एकाचं पिस्तूल असं आहे की फक्त त्याच्याच गोळ्या खातं, आम्ही त्याला घरजावई म्हणतो. म्हणजे मी मराठीत म्हणतो, त्यांना कळत नाही.

रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढं ढकलणारी, ती पण बघा, .45 च्या मूळ 1911 ला 16 पौंडांची, ओपनमध्ये सात-आठ पौंडांवर पण चालवतात. स्प्रिंग नरम म्हणजे स्लाइड पुढं येताना आपटत नाही, ठिपका खाली डुबकी मारत नाही. पण जरा घाण झाली, जरा गोळी नरम पडली की स्लाइड पूर्ण मिटत नाही. हवालदार काकांच्या चिखलात हे पिस्तूल दोन गोळ्यांत संपेल.

टिळकवाडीची_आई

मधे बोलते, माझी मुलगी तीन वर्षं एअर पिस्तूल मारते म्हणून. तुम्ही सगळे म्हणताय ते स्पर्धेचं पिस्तूल एकच असल्यासारखं, पण ऑलिम्पिकवालं पिस्तूल हे रेस पिस्तूल नाहीच, उलट बरोबर विरुद्ध आहे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलात एका हातानं उभं राहायचं, काच चालत नाही, दुर्बीण चालत नाही, ट्रिगर 500 ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही, आणि दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. 60 गोळ्या 75 मिनिटांत. म्हणजे एका गोळीला सव्वा मिनिट. तिथं पळायचं नाही, श्वास पण विचारून घ्यायचा.

25 मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तुलाला .22 ची गोळी आणि ट्रिगर एक किलो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्सला सुवर्ण घेतलं ते ह्यात. पुरुषांचं रॅपिड फायर असतं त्यात पाच टार्गेटवर पाच गोळ्या, आधी 8 सेकंदांत, मग 6, मग 4, विजय कुमार 2012 ला लंडनला रौप्य घेऊन आला तो ह्यात, आर्मीतलाच. ह्या पिस्तुलांची मूठ लाकडाची, हाताच्या साच्यासारखी कोरलेली, तळव्याला आधार देणारी फळी. दुसऱ्याच्या हातात ती बसतच नाही. माझ्या मुलीची मूठ आम्ही दोनदा घासून घेतली, पोरीचा हात वाढतोय.

आणि सगळ्यांना तो पॅरिस ऑलिम्पिकचा तुर्कस्तानवाला आठवत असेल, युसुफ दिकेच, एक हात खिशात, साधा चष्मा, मिक्स्ड टीमचं रौप्य. तेव्हा आमच्या नातेवाइकांनी विचारलं की मग हिला एवढं महागडं जॅकेट-बिकेट कशाला. जॅकेट रायफलवाल्यांना लागतं हो, पिस्तूलवाल्यांना नाही! कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला त्याच ऑलिम्पिकला ब्राँझ मिळालं ते 50 मीटर रायफलमध्ये, त्याला जॅकेट. दहा वेळा सांगून झालं.

टर्नर दादा, तुमच्या भाच्याला खरंच आवड असेल तर एअर पिस्तुलापासून सुरू करा. .177 च्या एअर पिस्तुलाला बंदुकीचं लायसन लागत नाही.

खानापूरकर_73

ताई बरोबर बोलल्या. आणि एक राहिलंच, व्हिडिओतली ती पिस्तुलं 9 एमएम नाहीतर .38 सुपर. आपल्याकडं 9 एमएम साध्या माणसाला मिळतच न्हाई, प्रोहिबिटेड बोअर हाय. म्हणून तर सगळ्या लायसनवाल्यांकडं .32 दिसतंय.

उद्यमबागचा_टर्नर

ताई, आभारी आहे, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटालतं हलकं ट्रिगर, भारी पिस्तूल, झालं ऑलिम्पिक. म्हणजे साधं पिस्तूल, शर्यतीचं पिस्तूल आणि नेमाचं पिस्तूल अशी तीन भावंडं झाली की. चिकोडीच्या अण्णांच्या हिशोबात नेमाचं पिस्तूल म्हणजे काय मग? देवळाच्या रथाला जुंपलेले बैल?

पण शंका, एअर पिस्तूल घ्यायच्या आधी घरी काय करून घेता येतंय का? म्हणजे चार महिन्यांनी नाद सुटला तर पैसे वाया. मागल्या वर्षी गिटार घेतलेलं, ते कपाटावर.

टिळकवाडीची_आई

येतं की. कोचनी आम्हाला पहिले पंधरा दिवस पिस्तूल हातात दिलंच नव्हतं. एक लिटरची पाण्याची बाटली भरायची, गळ्याशी धरायची, हात खांद्याच्या उंचीला सरळ, कोपर न वाकवता, भिंतीवर एक पेन्सिलचा ठिपका काढायचा आणि बाटलीचं झाकण त्या ठिपक्यावर स्थिर. दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात. घड्याळ लावा. एअर पिस्तूल नियमानं दीड किलोपर्यंत असू शकतं, बहुतेकांचं एक किलोच्या आसपास असतं, म्हणून एक लिटर. हात थरथरायला लागला की थांबायचं, ओढत बसायचं नाही, खांदा दुखावतो.

हवालदार_निवृत्त_मराठा

आमच्याकडं विटा असायच्या.

चिकोडीचा_अण्णा

रथाचे बैल न्हवं, नेमाचं पिस्तूल म्हणजे तालमीतला वस्ताद. हालत न्हाई, पण बघतोय बरोबर.

उद्यमबागचा_टर्नर

अपडेट. भाचा रविवारी आलता, गणपत गल्लीतनं कुंदा आणला होता, तो खाऊ दिला न्हाई आधी. बाटली दिली हातात. म्हणाला हे काय मामा, हे तर कोण पण करंल. 38 सेकंदांत हात खाली. मग मला म्हणाला तू कर. मी मशीनवर रोज जॉब उचलतोय, मला वाटलं दोन मिनिटं सहज. 51. बायको दारात उभी राहून बघालती, तिनं बाटली घेतली आणि एक मिनिट दहा सेकंद धरली, आणि वर म्हणाली, रोज घागरी उचलायला या म्हणजे कळंल.

काकांना फोनवर सगळं सांगितलं. काका म्हणाले ठोकळा-बिकळा जाऊ दे, दसरा जवळ आलाय, ते पोलीस स्टेशनातनं अजून परत आणलेलं न्हाई, कागदं घेऊन जरा चल की माझ्याबरोबर.

टिळकवाडीची_आई

38 पहिल्या दिवशी वाईट नाही हो, माझ्या पोरीचं 25 होतं. वहिनींना मात्र क्लबला पाठवाच.